घमेल्याखालचे नऊ दिवस

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. समुद्रकाठच्या वरोर गावी गोदूबाईंच्या गच्चीवर राहतो आणि सध्या भयंकर चिडलेलो आहे. मला टीव्हीची छत्री म्हणू नका, ते ऐकून माझे कान किटले आहेत.

आपल्या डोक्यावर तीनेकशे किलोमीटरवर ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, तरंगत असतात. दिवस मावळला की ते इलेक्ट्रॉनला भेटतात आणि अतिनील प्रकाश देतात. तो जमिनीवर पोहोचत नाही, म्हणून एक उपग्रह वरून त्याचे फोटो काढतो. जिथे आयन कमी, तिथे फोटोत काळा पट्टा. त्या पट्ट्यातून येताना जीपीएसचे संदेश लटपटतात, ते मी खालून मोजतो. दोघांचे जुळले, तरच पट्टा पक्का.

गोदूबाईंची भाची मयूरी हाच अभ्यास करते. तिने मला इथे बसवले, तेव्हा तिचे मार्गदर्शक पीयूष सर म्हणाले होते, "घरच्यांना समजावत बसू नकोस. त्यांना काय कळणार?" आणि तिने ते ऐकले! चार वर्षे मी एक संध्याकाळ चुकवली नाही. मयूरी पंधरवड्याने येऊन आकडे नेई.

यंदा मार्चमध्ये गच्चीवर वाळवायच्या बोंबलांच्या दोऱ्या चढल्या, तसे कावळे माझ्यावर बसू लागले. गोदूबाईंनी अ‍ॅल्युमिनियमचे घमेले माझ्यावर पालथे घातले आणि वर वीट ठेवली. नऊ दिवस मला काही ऐकू आले नाही. नेमक्या त्याच दिवसांत उपग्रहाला आपल्या किनाऱ्यावर सर्वांत मोठा पट्टा दिसला. मयूरीचा सारा प्रबंध त्याच्यावर उभा राहणार होता.

"आत्या, हे काय केलंस?"

"कावळे घाण करत होते गो. तुझी वस्तू म्हणून झाकली. पण ती असते कशाला?"

मयूरीने तेव्हा पहिल्यांदा सांगितले. गोदूबाई खाली बसल्या.

"म्हणजे परवा सांजेला माझ्या अमृतच्या बोटीवरचं जीपीएस बंद पडलं, पोरगा खडकावर जाता जाता वाचला, ते या पट्ट्यामुळं? आणि मला चार वर्षं एक शब्द नाही सांगितला?"

मयूरीने सरांना फोन लावला. ते म्हणाले, "खालचा पुरावा नाही, प्रबंधातून पट्टा वगळ." तिने वगळला.

मला घमेल्याचा राग नाही. राग आहे त्या "काय कळणार"चा. मित्रांनो, मला झाकू नका. ज्याच्या घरावर मला बसवाल, त्याला आधी सांगा मी काय करतो. गोदूबाई आता काठी घेऊन कावळे हाकतात आणि अमृत समुद्रात निघाला की आधी माझ्यावर काही झाकलेले नाही ना, ते बघतात.