बग्गीखालून

पाना पुन्हा निसटला आणि अनंतरावांच्या बोटाचं सालटं निघालं. बग्गीची मागची चाकं जॅकवर उचलून, खाली लाकडाचे ठोकळे सारून, जुन्या चटईवर उताणे पडलेले अनंतराव ऑइल काढायच्या बोल्टला उद्देशून असं काही बोलले, की उभा जन्म विमा कचेरीत फायली हलवण्यात गेलेल्या माणसाला ते मुळीच शोभण्यासारखं नव्हतं.

"लागलं का?" व्हीलचेअरमधून सुहासिनीने विचारलं.

"काही नाही. तुझ्यावर ऊन नाही ना येत?"

"सावलीत आहे मी. तुम्ही तुमचं बघा."

बोल्ट एकदाचा सुटला. काळंकुट्ट ऑइल भसाभसा टबात पडू लागलं. गरम असलं की ते लवकर उतरतं, म्हणून आत्ताच त्यांनी सुहासिनीला शेजारी बसवून चौकात दोन चकरा मारल्या होत्या. चारकोपच्या या सोसायटीत मधल्या चौकाभोवती बैठी घरं आहेत, आणि रोज संध्याकाळी त्या चौकातून, मग मागच्या मैदानाच्या कडेने अनंतरावांची पेट्रोलवरची बग्गी फटफटत जाते हे आता कुत्र्यांनाही ठाऊक होतं. गोराईचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा तिथली पाहुण्यांना फिरवायची ही गाडी त्यांनी उचलून आणली. सुहासिनीला अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू गेली होती, रिक्षाचे दणके तिला सोसवत नव्हते आणि व्हीलचेअर पेव्हर ब्लॉकमध्ये अडकायची. सगळ्यांनी अनंतरावांना वेड्यात काढलं. पण आयुष्यात सायकलची चेनही न चढवलेला हा माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून बग्गीचा प्लग, फिल्टर, ऑइल, सगळं घरच्या घरी करायला शिकला. भात लावायला शिकला. बायकोची वेणी घालायलाही शिकला, थोडी वाकडी यायची इतकंच.

उद्या त्यांचा मुलगा यज्ञेश येणार होता. आईला बंगळूरला, त्याच्या घराजवळच्या शुश्रूषा केंद्रात न्यायचं पक्कं झालं होतं. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये उचलताना अनंतरावांच्या हातून ती सुटली, नळावर आपटली, कपाळाला टाके पडले. अनंतरावांचा खांदा तेव्हापासून वर होत नाही. मुलाने फोनवर आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, आता पुरे. तुमच्याच्याने नाही होत." अनंतरावांनी स्वतः मागाहून जायचं होतं. मागाहून म्हणजे कधी, तो विषय कोणी काढला नाही.

मग या बग्गीचं ऑइल कोणासाठी, असं सकाळी सोनूबाईने विचारलंच. सुहासिनीचं सगळं बघायला ती दिवसभर असायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "गाडी आहे. उभी राहिली की बिघडते," असं म्हणून अनंतरावांनी पान्यांची पिशवी उचलली होती.

टब बाजूला सरकवून, बोल्ट आवळून ते बाहेर आले. सीट वर उचलून त्यांनी नरसाळ्याने नवं ऑइल ओतलं. मधासारखं सोनेरी होतं ते. आता इंजिन जरा चालवायचं आणि बोल्टपाशी गळतंय का ते खालून बघायचं, की झालं.

पण या बग्गीची एक खोड होती. नुसती किल्ली फिरवून तिचं इंजिन सुरू होत नाही. पेडलवर पाय पडला की ते जागं होतं, पाय उचलला की गप्प. पाय वर आणि डोळे खाली, हे एका माणसाने करायचं कसं? अनंतरावांनी न्यूट्रल टाकून पेडलवर वीट ठेवली. इंजिन सुरू झालं. ते धडपडत खाली शिरले तोवर वीट घसरली आणि इंजिन बंद. बाहेर आले, वीट नीट बसवली, पुन्हा खाली शिरले. पुन्हा बंद. सोनूबाई भाजी आणायला गेलेली. समोरच्या जयंतीबेनचं दार लावलेलं. तिसऱ्यांदा वीट पडली तेव्हा खांद्यातून अशी कळ गेली की ते चटईवर पडल्या पडल्याच ओरडले,

"अरे, एक पाय! कुणाचा तरी एक पाय पाहिजे इथे!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. कुणासमोर काय बोललो आपण. माफी मागावी तर ती आणखी बोचेल, म्हणून ते तसेच पडून राहिले.

आणि इंजिन सुरू झालं.

आली वाटतं सोनूबाई, त्यांना बरं वाटलं. त्यांनी बॅटरीचा झोत बोल्टवर धरला. एक थेंब नाही. कडेने बोट फिरवून पाहिलं, कोरडं.

"झकास! बंद करा, सोनूबाई."

इंजिन बंद झालं. सोनूबाईने काम केलं आणि वर चार शब्द ऐकवले नाहीत असं कधी झालं नव्हतं. अनंतरावांनी मान वळवली.

व्हीलचेअरची चाकं दिसत होती. पाय ठेवायच्या पट्ट्या रिकाम्या होत्या. आणि बग्गीला लागून, फरशीवर, एक पाऊल उभं होतं. डावं. बोटं पसरून फरशीला धरून ठेवल्यासारखं, सगळा भार घेऊन. बोटात जोडवं होतं. रोज रात्री तेल लावून ते ज्या पावलाची बोटं एक एक करून चोळत होते, तेच ते पाऊल होतं.

बॅटरी हातातून सुटून घरंगळत गेली. भर दुपारी घरातल्या माणसाचं पाऊल पाहून भुताला पाहावं तसे त्यांचे हातपाय गार पडले.

कसे बाहेर आले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. सुहासिनी बग्गीच्या छताच्या दांड्याला एका हाताने धरून उभी होती. उजवा पाय आत, पेडलजवळ. डावा हात स्टिअरिंगवर, आणि त्या हाताची बोटं त्याला धरून मिटलेली.

"पडशील!" ते धावले.

"नाही पडत."

खरंच ती पडत नव्हती. तिने पाय बाहेर घेतला आणि दोन्ही पायांवर उभी राहिली. किंचित डावीकडे झुकून, पण उभी. अनंतरावांचे ऑइलने बरबटलेले हात तिच्या दोन्ही बाजूंना हवेतच राहिले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी नुसता अंगठा हलायचा. मग दुपारी तुम्ही झोपलात की भिंतीला धरून. सोनूबाई असते बरोबर."

"सोनूबाईला माहीत आहे?"

"तिला मी शपथ घातली होती."

सोनूबाईने एवढं पोटात ठेवलं, याचाच एरवी त्यांना धक्का बसला असता. आता त्यांच्या डोळ्यांसमोर तिच्या कपाळावरची ती लालसर रेघ आली.

"बाथरूममध्ये... त्या दिवशी?"

सुहासिनीने खाली पाहिलं.

"पाय टेकला असता तर तुम्हाला कळलं असतं."

"म्हणून पडलीस? मुद्दाम?"

"मुद्दाम नाही हो. सावरलं नाही, इतकंच."

"डोकं फुटलं असतं सुहास! तिथल्या तिथे गेली असतीस!" त्यांचा आवाज चौकभर गेला. "मी महिनाभर झोपलेलो नाही. माझ्या हातून सुटलीस म्हणून रोज रात्री मी... काय बाई आहेस की कोण आहेस तू? कशासाठी?"

तिने छताचा दांडा नीट धरला. मग म्हणाली,

"रिटायर झाल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. दाढी नाही, अंघोळ नाही. एका दुपारी मला म्हणालात, उद्या मी उठलो नाही तर हाका मारत बसू नकोस. आठवतं?"

अनंतरावांना आठवत नव्हतं. भिंत आठवत होती, तिच्यावरचे पोपडेसुद्धा आठवत होते. पण हे वाक्य त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

"मला आठवतं," ती म्हणाली. "त्यानंतर मी रोज पहाटे तुमच्या नाकाशी बोट धरून बघायची. मग मला हे झालं, आणि तुम्ही उठलात. अंगठा हलला त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारणार होते हो. तुम्ही शिट्टी वाजवत बग्गी पुसत होता. शिट्टी! मी कधी ऐकली नव्हती तुमची शिट्टी."

"मग आज का?"

"उद्या मी तिथे आणि तुम्ही इथे एकटे. मग कुणासाठी बसून राहू?"

ती अनंतरावांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मघापासून बघत होती, आणि ती काय शोधतेय ते त्यांना एकदम उमगलं. त्याबरोबर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. कारण बग्गीखालून ते पाऊल पाहिलं तेव्हा धसक्यानंतर जी पहिली गोष्ट मनात आली ती आनंदाची नव्हती. कुणीतरी आपल्याला कामावरून काढून टाकलं, असं त्यांना वाटलं होतं. बायको पायावर उभी राहिली, आणि त्यांना हे वाटलं होतं. आता तो आनंद चेहऱ्यावर कुठून आणायचा ते त्यांना कळेना.

मोबाइल वाजला. यज्ञेश होता.

"बाबा, उद्या दुपारी पोचतो. आईच्या औषधांची पिशवी वेगळी ठेवा. बाबा? ऐकताय ना?"

"आई चालते," अनंतराव म्हणाले.

"काय?"

"तुझी आई चालायला लागली. माझ्यासमोर उभी आहे."

यज्ञेश असा ओरडला की अनंतरावांना फोन कानापासून लांब धरावा लागला. तो हसत होता, बायकोला हाका मारत होता, मधेच रडायला लागला, "आई! आईला द्या!" म्हणत होता. चाळिशी उलटलेला मुलगा, आणि आवाज थेट शाळेतून पहिला आल्यावरचा. अनंतराव तो आवाज ऐकत राहिले. त्यांनी फोन सुहासिनीच्या कानाला लावला. ती हूं, हूं करत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बघत होती ती अनंतरावांकडेच.

फोन बंद झाला. टबातल्या काळ्या ऑइलवर झाडाचं वाळकं पान पडलं होतं. ते काढायला म्हणून अनंतराव वाकले. खरं तर वाकायला त्यांना काहीतरी हवं होतं.

"अहो," ती म्हणाली, "हात धुऊन या आणि मला आत न्या. पायरी अजून एकटीला जमत नाही मला."

अनंतरावांनी घराच्या पायरीकडे पाहिलं, मग बग्गीच्या पायरीकडे. मघाशी तिने उजवा पाय उचलून आत ठेवला होता ती बग्गीची पायरी घराच्या पायरीपेक्षा चांगली वीतभर उंच होती.

"आलोच," ते म्हणाले, आणि साबण शोधायला गेले.