गाण्याचं धड

नावारेते गावाच्या हमरस्त्यावर गाड्या धुण्याचं एक केंद्र आहे. रविवारी दुपारी तिथे गाडी धुवायला म्हणून फारसं कोणी येत नाही. गाडी रांगेत लावायची, तिच्यावर दोन बादल्या पाणी मारून घ्यायचं आणि आतल्या छपराखाली नाचायला जायचं, अशी रीत. त्या छपराखाली दर रविवारी नुरिस पेन्या अकॉर्डियन वाजवायची. पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची, बोलायला कंजूस बाई. तिच्या एका हाताला तांबोरा, म्हणजे मांडीवरचा आडवा ढोल, घेऊन बसलेला नवरा रादामेस, आणि दुसऱ्या हाताला ग्विरा घेऊन उभा असलेला किरिनोमामा. पत्र्याच्या खरखरीत नळीवर तारांचा काटा फिरवत मामाने उभा जन्म काढला होता. सत्तरी ओलांडली तरी तो वाजवताना बसायचा नाही. बसलं की ग्विरा झोपते, म्हणायचा.

नुरिसने पहिल्यांदा अकॉर्डियन गळ्यात अडकवलं तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. बाईच्या छातीवर अकॉर्डियन शोभत नाही, असं म्हणत गावातल्या वादकांनी पाठ फिरवली होती. तिच्या मागे उभं राहायला एकही जण तयार नव्हता. मामा तेव्हा चांगल्या नावाजलेल्या ताफ्यात होता. तो ताफा सोडून तो भाचीच्या मागे येऊन उभा राहिला, आणि नंतर तिथून हललाच नाही. या गोष्टीबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यात काय आहे, असंच दोघांना वाटायचं.

एका रविवारी छपराखाली निळ्या केसांची एक मुलगी आली. काळा चष्मा, पायात पांढरे बूट, सोबत दोन धिप्पाड माणसं. ती आधी खांबाला टेकून ऐकत राहिली. मग चष्मा काढून नाचायला उतरली आणि घामाने भिजली तरी थांबेना.

"केस निळे आहेत," मामा नुरिसच्या कानाशी म्हणाला, "म्हणजे एक तर टीव्हीवाली असणार, नाहीतर रंगाच्या दुकानात कामाला."

ती पोर्तो रिकोची यायरा होती. नुरिसला नाव ऐकून माहीत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातला कर्णा दिवसभर तिचीच गाणी ओकायचा. वाजवणं थांबल्यावर यायरा सरळ समोर येऊन उभी राहिली, आणि तिकडे थोर बायकांना मानाने म्हणतात तसं 'दोन्या' म्हणाली.

"दोन्या नुरिस, माझ्याबरोबर एक गाणं कराल?"

"मला तुझ्यासारखं गाता येत नाही, पोरी."

"मला तुमच्यासारखं वाजवता येत नाही. म्हणूनच विचारतेय."

हे उत्तर नुरिसला आवडलं.

गाणं सांतियागोच्या एका स्टुडिओत झालं. चाल नुरिसची होती, शब्द यायराचे. यायराबरोबर निकोलास गाम्बोआ नावाचा मेदेयिनचा तरुण आला होता. यायराच्या गाण्यांची सगळी जोडणी-तोडणी तो करायचा. माणूस सभ्य. नुरिसला पाणी स्वतः आणून द्यायचा. नुरिस वाजवायची ते नाचाचं संगीत, मेरेंगे, कसं असतं ते त्याने मन लावून ऐकून घेतलं. पहिला भाग गाण्याचा, मोजक्या चालीचा. मग अकॉर्डियन एकच तान पुन्हा पुन्हा घोळवायला लागतं, तांबोरा दौडत सुटतो, आणि नाचणाऱ्यांची खरी परीक्षा सुरू होते. तो दुसरा भाग म्हणजे हालेओ. त्या दिवशी हालेओ असा रंगला की यायरा गाणं विसरून टाळ्याच वाजवत बसली. नुरिस, रादामेस आणि मामा खुशीत घरी आले.

गाणं बाहेर पडायचं त्या शुक्रवारी दुकानासमोर सगळी आळी जमली. दुकानदाराने कर्णा रस्त्याकडे वळवला. यायराचा आवाज आला, मागून नुरिसचं अकॉर्डियन आलं आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. कोणी नुरिसच्या पाठीवर थाप मारली. गाणं चढत गेलं, हालेओच्या तोंडाशी आलं, आणि थांबलं.

सगळे थांबून राहिले.

"वायर निसटली का रे?" रादामेसने विचारलं.

दुकानदाराने वायर हलवून बघितली, फोन बघितला. "नाही. संपलं."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण त्या आता नुरिसचं मन राखायला होत्या. मामा ग्विरा काखेत मारून घरी निघून गेला.

नुरिसने यायराला फोन लावला. "पाहुण्यांना पंगतीला बसवायचं आणि भात वाढायच्या आधी उठवायचं, ही कुठली रीत?"

"निकोलास म्हणाला, तीन मिनिटांच्या पुढे लोक ऐकत नाहीत. दुसऱ्या गाण्यावर जातात. मी हो म्हटलं, दोन्या नुरिस. मला तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

पण गाणं मात्र पाखरासारखं उडालं. मेक्सिकोत लग्नांत वाजलं, माद्रिदला टॅक्सीत वाजलं, कुठल्याशा थंडीच्या देशात लोकरी टोप्या घातलेल्या मुली त्यावर नाचताना दिसल्या. प्रत्येक ठिकाणी यायराच्या नावाशेजारी नुरिस पेन्या हे नाव. ज्या वादकांनी एकेकाळी पाठ फिरवली होती, त्यांची मुलं आता तिला रस्त्यात अडवून फोटो मागायची. नुरिस हसून फोटो काढू द्यायची. रादामेस एकदा म्हणाला, "तुला आनंद होत नाहीये का?"

"होतोय ना. पण कोणी माझ्या पोरीचं कौतुक करतंय आणि तिला अर्धीच बघितलीये, असं वाटतं."

मग पोर्तो रिकोतल्या सान हुआन शहराहून बोलावणं आलं. तिथल्या सर्वांत मोठ्या बंदिस्त मैदानात यायराचा कार्यक्रम होता, आणि हे गाणं तिला नुरिसबरोबर करायचं होतं. विमानाची तिकिटं ते काढणार होते.

"मी येईन," नुरिस म्हणाली, "पण माझी माणसं घेऊन."

अडचण मामाची होती. तो विमानात बसायला तयार नव्हता. "ज्या गाडीतून मधेच उतरता येत नाही, तिच्यात मी चढत नाही," असं त्याचं ठाम म्हणणं.

"बोटीतून तरी कुठे उतरता येतं?" रादामेसने डिवचलं.

"पोहता येतं मला. उडता येतं का?"

तिथला कोणी ग्विरावाला देऊ, असा निरोप सान हुआनहून आला. नुरिसने उत्तर पाठवलं, की ग्विरा म्हणजे हॉटेलातला चमचा नव्हे, कोणाचाही चालायला. मग कागदपत्रं झाली, आणि तिघं सांतो दोमिंगोच्या धक्क्यावरून संध्याकाळच्या बोटीत चढले.

किनारा दिसेनासा व्हायच्या आतच मामाचा चेहरा हिरव्या केळ्यासारखा झाला. समुद्र खवळलेला होता. रादामेसने लिंबू दिलं, नुरिसने पाठ चोळली, कशाचा उपयोग होईना. शेवटी मामा कठडा धरून म्हणाला, "अकॉर्डियन काढ. हात चालले की पोट गप्प बसतं."

तिघांनी डेकवर वाजवायला सुरुवात केली. बोटीत कामावर परतणारी माणसं होती, सुट्टी संपवून निघालेले विद्यार्थी होते, पिशव्यांच्या ढिगावर बसलेल्या बायका होत्या. कोणीतरी गाणं ओळखलं. "अगं, ही ती आहे," एकीने दुसरीला म्हटलं, आणि बघता बघता डेकवर कोंडाळं झालं. सगळ्यांना गाणं तोंडपाठ होतं. यायराच्या जागी आता शंभरएक गळे गात होते. सूर्य पाण्यात उतरत होता, आणि मामाच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता.

गाणं त्या जागी आलं, जिथे ते संपायचं. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

नुरिसची बोटं थांबली नाहीत. थांबवायचं तिने ठरवलंही नव्हतं. जन्मभराची वाट होती, बोटं त्या वाटेला लागली. तान घोळायला लागली, एकदा, दोनदा, दहादा, दर वेळी थोडी अधिक धारदार. तांबोरा दौडायला लागला. कठड्याला टेकून वाजवणारा मामा पुढे सरकला. क्षणभर लोक गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले. मग एका जाड्या माणसाने शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला आणि तो नाचायला लागला. मग सगळंच डेक नाचायला लागलं. बोट एकीकडे कलायची, नाचणारे तिकडे सरकायचे, हसायचे, परत यायचे. खलाशी कामं टाकून शिडीवर येऊन उभे राहिले.

सान हुआनच्या दवाखान्यात काम करणारी एक नर्स हे सगळं फोनवर टिपत होती. वाजवणं थांबलं तेव्हा ती धापा टाकत नुरिसजवळ आली. "या गाण्याला शेपूट आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

"शेपूट नव्हे, बाई," मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "हे धड आहे. तुम्ही आजवर नुसतं मुंडकं ऐकत होता."

नर्सने ते बोलणंसुद्धा टिपलं होतं.

सकाळी बोट सान हुआनला लागली तेव्हा धक्क्यावर यायरा स्वतः उभी होती. निळे केस टोपीत कोंबलेले, हातात फोन. तिने नमस्कार-चमत्कार केला नाही. फोन नुरिससमोर धरला. फोनवर बोटीतलं डेक नाचत होतं.

"उठल्यापासून हेच बघतेय. सगळं शहर हेच बघतंय. लोक मला विचारताहेत, धड कुठे आहे."

"मग काय सांगितलंस?"

"बोटीने येतंय, म्हटलं."

गाम्बोआ तालमीच्या जागी वाट बघत होता. त्याचा चेहरा ओढलेला होता. त्याने चलचित्र पाहिलं होतं, आणि काही लपवायचा प्रयत्न केला नाही. "मी चुकलो, दोन्या नुरिस. लोक कुठे निघून जातात तेवढंच मी बघत आलो. कुठे थांबतील, ते बघायचं राहून गेलं." मग त्याने हात पसरले. "पण आजचं काय करू? दिवे, पडदा, मागचे आवाज, सगळं यंत्राला बांधलेलं आहे. यंत्राला तीन मिनिटं माहीत आहेत. तुमचा हालेओ तर दर वेळी वेगळ्या वेगाने पळतो."

"दिव्यांना सांग, आमच्या मागून या," मामा म्हणाला. "आम्ही काही चोरवाटेने जात नाही."

गाम्बोआला हसू फुटलं. पण प्रश्न खरा होता, आणि तो नुरिसलाही कळत होता. यंत्र बंद केलं आणि काही बिघडलं, तर एवढ्या लोकांसमोर यायराचं हसं होणार होतं. तिचं नाव मोठं, पडणंही मोठं. म्हणून नुरिस तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझा कार्यक्रम आहे, पोरी. तू म्हणशील तिथे मी थांबेन. आता राग नाही माझ्या मनात."

यायराने टोपी काढली. "एकदा मी धीर केला नाही. आज यंत्र बंद."

त्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. नुरिस पायऱ्यांवरून वर आली तेव्हा समोर फक्त अंधार आणि त्यात हलणारे हजारो छोटे दिवे दिसत होते. यायराने तिचं नाव घेतलं. मग ते नाव अंधारातून परत आलं, इतक्या जोराने की अकॉर्डियनचा भाता तिच्या छातीवर थरथरला. नु-रिस, नु-रिस. ज्या नावाने आई तिला विहिरीवरून हाक मारायची, ते नाव आता छपराला जाऊन आदळत होतं. तिने रादामेसकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती, कारण तो रडत होता आणि बायकोला दाखवायचं नव्हतं.

गाणं सुरू झालं. यायरा त्या दिवशी जीव ओतून गायली. आणि गाणं जिथे तुटायचं त्या जागी आलं, तेव्हा सगळं मैदान एकदम गप्प झालं. टाळी नाही, शिट्टी नाही. ते सगळे वाट बघत होते. तिच्याच बोटांची वाट बघत होते.

नुरिसने त्यांना थोडं थांबवलं. मग तान सोडली.

तांबोरा उसळला, ग्विरा सळसळली, आणि मैदान पायाखालून हललं. वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत माणसं जोड्या जुळवून नाचत होती, खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटांत, पायऱ्यांवर. यायराने बूट भिरकावून दिले आणि अनवाणी नाचायला लागली. गाम्बोआ दिव्यांच्या बटणांपाशी जाऊन बसला होता. तो स्वतःच्या हाताने दिवे चालवत होता, जीभ दातांत धरून, तांबोऱ्याच्या मागे धावत. कधी चुकत होता, पण ते कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. मामा तर रंगमंचाच्या अगदी कडेला गेला होता. समोरच्या पोरी त्याला हात लावायला धडपडत होत्या, आणि तो म्हातारा त्यांच्याकडे बघून भुवया उडवत होता.

हालेओ किती वेळ चालला ते कोणी मोजलं नाही. नुरिसला वाटलं तेव्हा तिने तो उतरवला, हळूहळू, आणि शेवटचा सूर भात्यात मिटून घेतला.

नंतर जो गजर झाला तो काही केल्या थांबेना. यायरा घामाने निथळत तिच्याजवळ आली. कार्यक्रमात यापुढे यायराची दोन गाणी होती. लोकांना ती हवी होती, यादीतही ती होती. यायराने ध्वनिक्षेपक तोंडापासून दूर धरला.

"दोन्या नुरिस, तुमचं स्वतःचं एखादं आहे? नुसतं तुमचं? मी गाणार नाही. मी नाचेन."

नुरिसने मागे वळून पाहिलं. रादामेसने डोळे पुसून तांबोरा मांडीवर नीट घेतला. मामाने काटा हातात फिरवला आणि नेहमीच्या जागी, तिच्या मागे, येऊन उभा राहिला.

"पंधराव्या वर्षी केलेलं एक आहे," ती म्हणाली. "नावारेतेबाहेर कोणी ऐकलेलं नाही."

आणि तिने वाजवायला सुरुवात केली.