पाचवं मत

आसावरीला जुळी मुलं झाली ते दोन हजार तेवीस साल. त्या बाळंतपणासाठी तिची आई शोभा कराडहून न्यू जर्सीला आली. वेस्ट विंडसरला लागून असलेल्या एका टाउनशिपमध्ये लेकीचं घर होतं. शोभाच्या हातात ग्रीन कार्ड होतं, मागे कराडला वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती राहिली. मुलं वर्षाची झाली आणि डेकेअरला जायला लागली. लेक लॅबमध्ये, जावई सिद्धेश ऑफिसात. सकाळी गॅरेजचं दार खाली आलं की संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज कानावर पडायचा नाही.

एक दिवस तिला रस्त्याच्या कडेने एक गृहस्थ चालताना दिसले. अंगात मुलाचं जाकीट, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. हे नागपूरचे प्रल्हाद देशकर. तिने त्यांना हाक मारून चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आले. महिन्याभरात शोभा धरून नऊ म्हातारी माणसं गॅरेजात जमायला लागली. कोणी भाजी निवडायचं, कोणी पत्ते कुटायचं, कोणी नुसतंच डुलक्या काढायचं. बहुतेक जण पायी येत. लांबच्या दोघांना त्यांची मुलं ऑफिसला जाताना सोडत.

समोर हॅलोरन नावाचे गृहस्थ राहत. वाईट माणूस नव्हता. चाळीस वर्षं त्या गल्लीत काढलेली, आणि समोरच्या गॅरेजात रोज गर्दी दिसते म्हणजे इथे काहीतरी धंदा चालतो, असं त्याला वाटलं. त्याने तक्रार केली. टाउनशिपचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं: हा भाग फक्त राहण्यासाठी आहे, म्हाताऱ्यांचं डेकेअर चालवायचं असेल तर जागेचा वापर ठरवणाऱ्या झोनिंग बोर्डाकडे नियमातून सवलत मागा, सुनावणी होईल, नाहीतर बंद करा.

सिद्धेश बायकोला म्हणाला, "शेजाऱ्यांशी पंगा नको यार, कॅन्सल करू." मग सासूकडे वळून त्याने तेच जरा मऊ करून सांगितलं.

"बंद करायचं तर करा," शोभा म्हणाली. "फक्त त्या आठ जणांच्या घरी जाऊन तुम्ही सांगा. मी नाही सांगायची."

सिद्धेशने अर्जावर सही केली.

सुनावणीच्या आधी शोभाने एक चूक केली. कराडला कोणी कचेरीत एकटं जात नाही. पाठीशी माणसं दिसली की साहेबही नीट बोलतो. म्हणून लग्नाची अक्षत द्यावी तसे तिने घरोघर फोन केले. महाराष्ट्र मंडळाच्या देवांगने ते आमंत्रण ग्रुपवर टाकलं. त्या संध्याकाळी टाउन हॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा उरली नाही. उशिरा आलेल्यांनी हिरवळीवरच चाकं चढवली.

हॅलोरनची पाळी आली तेव्हा त्याला फार बोलावं लागलं नाही. ट्रॅफिक वाढेल एवढीच त्याची तक्रार होती. त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि तो खाली बसला. सिद्धेशने मान खाली घातली. आपण आपल्या हाताने काय करून बसलो, ते शोभाला आसावरीने भाषांतर करायच्या आधीच कळलं.

तिला शपथेसाठी बोलावलं. ती उठली तसे देशकर मागून पुटपुटले, "वहिनी, खरं बोला, पण सगळं बोलू नका. पत्त्यांतली तुमची लबाडी इथे सांगायची गरज नाही."

तिने उजवा हात वर केला, आणि खाली घेताच आसावरीला म्हणाली, "सांग यांना. बाहेरच्या गाड्या मुलांच्या आहेत. मुलं दिवसा घरी असती तर मी गॅरेज उघडलंच नसतं. आम्हा नवांपैकी एकालाही गाडी चालवता येत नाही. येत असती तर आम्ही गॅरेजात कशाला बसलो असतो?"

आसावरीने सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, रोज येणारे कोण? आठ हात वर झाले. आज कसे आलात, असंही त्यांनी विचारलं. देशकरांनी स्वतःच उत्तर दिलं, "बॅक सीट, मॅडम." सगळे हसले. हॅलोरनही हसला.

मग टोकाला बसलेले एक सदस्य बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही परवानगी माणसाला मिळत नाही, जागेला मिळते. उद्या हे घर विकलं गेलं तरी ती जागेला चिकटून राहील, आणि पुढचा मालक इथे खरोखरचा धंदा उघडेल.

शोभाने ते नीट ऐकून घेतलं. "मग माणसाला द्या की," ती म्हणाली. "मी अशी किती दिवसांची आहे?"

आसावरीने तेही सांगितलं. मतं घेतली. चार बाजूने, तीन विरुद्ध. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शोभाने देशकरांकडे पाहिलं. तेवढ्यात सिद्धेश वाकून हळूच म्हणाला, "आई, असल्या परवानगीला पाच लागतात."

"चार तिनापेक्षा जास्त ना?"

"जास्त. पण पाच लागतात."

पार्किंगमध्ये लोक तिचं सांत्वन करायला आले. तिने कोणालाच ते करू दिलं नाही. गाडीला टेकून ती विचार करत राहिली. मग तिने सिद्धेशला विचारलं, "एका घरात रोज नको, असंच म्हणाले ना?"

"हो."

"महिन्यातून दोनदा तुमच्याकडे पाहुणे आले तर?"

सिद्धेशने गाडीचं दार उघडलं. "पाहुण्यांना कोण अडवणार," तो म्हणाला. मग स्वतःहून पुढे म्हणाला, "लांबच्यांना मी सोडेन. ऑफिसला उशिरा गेलो तरी चालतं."

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होतं. नऊ जण देशकरांच्या मुलाच्या घरी जमले, त्याच्या पुढच्या दिवशी तिसऱ्याच घरी. प्रत्येकाला आपापल्या सुनेला नाहीतर जावयाला विचारावं लागलं, आणि ते विचारणं बोर्डापुढे उभं राहण्यापेक्षा अवघड होतं. दोन सुनांनी साफ नकार दिला. शोभाने ती दोन घरं गाळली, तिथली माणसं गाळली नाहीत. कोणाच्या घरी काय चालतं याची चौकशी करायला टाउनशिपचा माणूस एकदा आसावरीच्या घरची पाळी असताना आला. दार शोभाने उघडलं. "गेस्ट," ती म्हणाली, आणि तो आत डोकावून सगळं बघेपर्यंत दार धरून उभी राहिली. त्याने पाहिलं आणि तो निघून गेला. तिने कुठेही पुन्हा अर्ज केला नाही.

प्रल्हाद देशकर दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात, नागपूरला परत गेल्यावर, तिथेच वारले. शोभा पुढच्या वर्षी ऑगस्टात, आसावरीच्या घरी वारली.