उजव्या खुब्यावरचा ठिपका

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही, अशी विभागात तिची ख्याती होती. गॅमा कॅमेऱ्यावर एकवीस वर्षं काढलेली टेक्निशियन ती. पडद्यावर काहीही दिसो, सांगायचं काम डॉक्टरांचं. आपण फक्त 'झालं, उठा सावकाश' म्हणायचं, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. निदान तिला तसं वाटायचं. मोडताना पकडलं ते तिच्या धाकट्या भावाने, आणि तेही जेवताना. ती कामावरचे किस्से सांगत होती. भाऊ धंद्याने शिंपी, माणसाचं माप नजरेनेच घेणारा. तो मध्येच म्हणाला, की ताई, तुझ्या गोष्टींत ज्याला ज्याला तू 'थंडी वाजते का' विचारून पांघरूण घातलंस, त्याचं पुढे काही खरं नव्हतं. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून सरसकट सगळ्यांनाच पांघरूण घालायचं तिने ठरवलं आणि आठवड्याभरात विसरलीसुद्धा.

आज तोच शिंपी तिच्या टेबलावर पडला होता.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं आणि रक्तातला आकडा पुन्हा वर सरकला होता, म्हणून हाडांचा स्कॅन. आजार हाडात उतरला नसेल, तर रेडिएशन देऊन तो मुळापासून काढायची आशा होती. उतरला असेल, तर पुढे नुसतं रेटत न्यायचं. प्रश्न एवढाच होता आणि तो घरात सगळ्यांना ठाऊक होता. नात्यातल्या माणसाचा स्कॅन आपण करू नये असा संकेत आहे. पण दुसरी टेक्निशियन रजेवर आणि हा पठ्ठ्या सोमवारपर्यंत थांबायला तयार नाही. तेव्हा सकाळी तिनेच त्याला किरणोत्सर्गी औषधाची सुई टोचली.

हे औषध रक्तातून फिरतं आणि हाडाची जिथे जास्त डागडुजी चाललेली असते तिथे जास्त जाऊन बसतं. तिथून किरण सुटत राहतात, दर सहा तासांनी निम्मे होत होत. तीन तास पाणी पीत बस, लघवी करून ये आणि मग आडवा हो, असं तिने सांगितलं. त्याने सगळं निमूटपणे केलं, हेच तिला खटकलं. एरवी साधा चहा घेतानाही चार खुसपटं काढणारा माणूस.

कॅमेऱ्याच्या तोंडाशी शिशाची जाड ताटली असते, तिला हजारो बारीक भोकं. किरण शरीरातून दाही दिशांना सुटतात. भोकाच्या सरळ रेषेत आलेला तेवढा आत जातो, तिरपा आला की शिशात जिरतो. दहा हजारांत एखादा पोचतो. एवढे वाया जातात म्हणूनच चित्र दिसतं, हे ती नव्यांना शिकवायची. सगळ्यांनाच आत घेतलं तर कुठला किरण कुठून आला याचा पत्ता लागणार नाही.

पडद्यावर भावाचा सांगाडा हळूहळू उमटत गेला. डोकं, फासळ्या, कणा, सगळं ठीक. उजव्या खुब्याच्या वर, कमरेच्या हाडावर, हरभऱ्याएवढा काळा ठिपका होता.

तिला काहीच वाटलं नाही. हात आपोआप कामाला लागले, कारण या ठिपक्यावर एक इलाज तिला माहीत होता. औषध लघवीतून बाहेर पडतं. त्याचा एक थेंब पायजम्यावर सांडला, तरी सपाट चित्रात तो हाडात असल्यासारखा दिसतो. वरचं आणि आतलं एकावर एक येतं, खोली कळत नाही. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याचा असाच ठिपका पायजम्याबरोबर उतरला होता. आपल्यावर पाच मिनिटं काय बेतलं होतं, हे म्हाताऱ्याला कळलंही नाही.

तिने भावाला पायजमा बदलायला लावला. ठिपका राहिला. ओल्या कापसाने कंबर पुसली, तरी राहिला. मग साबण आणून घासली.

"अगं, भांडं आहे का मी?"

"गप पड."

ठिपका जागचा हलला नाही. डॉक्टरांना फोन करून तिने विचारलं, फिरवून घेऊ का. ते हो म्हणाले. फिरवून म्हणजे कॅमेऱ्याची दोन डोकी माणसाभोवती अर्धं अर्धं वर्तुळ फिरतात, तीन-तीन अंशांवर थांबतात आणि प्रत्येक थांब्यावर वीस सेकंद किरण मोजतात. सगळ्या बाजू जुळवून मग संगणक सांगतो, की ठिपका कातडीवर आहे की आत.

त्याला वीस मिनिटं लागतात. ती काचेमागे बसून राहिली. लोक देवाकडे काय काय मागतात. ती लघवीचा एक थेंब मागत होती.

चित्राचे काप तयार झाले, पावाचे असावेत तसे, एकामागून एक. ती ते पुढे सरकवत गेली. कातडीच्या पातळीवर काही नव्हतं. ठिपका हाडाच्या ऐन मध्ये होता. आणि मागे, माकडहाडाच्या वर, दुसरा. सपाट चित्रात तो मूत्राशयातल्या औषधाने झाकून टाकला होता. एक पुसायला गेली आणि दुसरा हाती आला. रिपोर्ट डॉक्टर लिहितील, पण एकवीस वर्षांनंतर तिला रिपोर्टची गरज नव्हती. फिरवलंच नसतं तर, असा एक मूर्ख विचार येऊन गेला.

ती आत गेली ती दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबून. पांघरूण खुर्चीवर घडी करून ठेवलं होतं. त्याच्या विरलेल्या कडेला नवी पट्टी भावानेच शिवून दिली होती. तिने तिकडे बघायचं टाळलं. एक हात काढून टेबल बाहेर घेतलं, पट्टे सोडले आणि हात पुन्हा खिशात घातला.

"झालं. ऊठ सावकाश."

तो उठला नाही. छताकडे बघत पडून राहिला.

"ताई, आज विचारलं नाहीस."

"काय?"

"थंडी वाजते का म्हणून."

तिने सांगितलं, की रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल, डॉक्टर समजावून सांगतील, आज भरपूर पाणी पी. नेहमीची वाक्यं, नेहमीच्याच क्रमाने. त्याने सगळं ऐकून घेतलं, मापं सांगताना गिऱ्हाईक खोटं बोलतं तेव्हा ऐकून घ्यायचा तसं.

"वाजतेय," तो म्हणाला. "घाल."

तिने खिशातून हात काढले. पांघरूण उलगडलं, त्याच्या खांद्यापर्यंत ओढलं, पायांशी खोचलं. त्याने कडेची शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली आणि डोळे मिटले. मशीनसाठी ती खोली कायम गारच ठेवावी लागते. एकवीस वर्षांत तिला तिथे पहिल्यांदाच थंडी वाजली.