निळ्या रंगाखालचं गाव

खुशाल भंडाऱ्यात एका सरकारी कार्यालयात ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवून काढणारा, होता. ब्याऐंशी साली पगारवाढ मिळाली, तेव्हा बैठकीसाठी एखादं चित्र घ्यावं असं त्याच्या मनात आलं. बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे सगळे देवादिकांचे फोटो. मागे भिंतीशी एकच वेगळं होतं: वर निळा पट्टा, खाली पिवळे-हिरवे चौकोन, मधून काळ्या रेघा, एका कोपऱ्यात लाल ठिपका. कोण्या परदेशी चित्रकाराच्या चित्राची ती छापील प्रत होती. प्रतीच्या पाठीवर १९६१ साल छापलेलं होतं. बायको पुष्पा म्हणाली, यात समजण्यासारखं काहीच नाही. खुशालला तेच आवडलं होतं.

दिवाळीनंतर त्याची आई चंद्रभागाबाई गावाहून राहायला आली. गाव वैनगंगेच्या काठावर, भंडाऱ्यापासून दोन तासांवर. चहा घेताना तिची नजर चित्रावर गेली आणि कप तसाच हातात राहिला.

"हे त आपलं गाव व्हय," ती म्हणाली.

तिने जवळ जाऊन बोट ठेवत दाखवलं. या रेघा म्हणजे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्या, भातखाचरांमधले बांध. लाल ठिपका गावदेवीचं, मातामायचं ठाणं. खुशाल हसला. पण तिने सांगितलेली प्रत्येक जागा बरोबर होती.

"पाणी इतलं वर काहून दाखवलं?" तिने विचारलं.

फेब्रुवारीत त्याच्या टेबलावर नकाशा आला. मोठ्या धरणाची पाहणी झाली होती आणि पाणी कुठवर चढेल ती रेघ त्याला ट्रेसिंग पेपरवर उतरवायची होती. त्या रेघेजवळ त्याच्याच गावाचं नाव होतं. दुपारच्या सुट्टीत तो कागद घेऊन घरी आला आणि चित्राच्या काचेवर धरला. धुऱ्यांवर धुऱ्या बसल्या. पाण्याची रेघ निळ्याच्या कडेवरून तंतोतंत गेली. घराची जागा त्या निळ्यात, पाण्याखाली होती.

मागे आई उभी होती.

"आपलं घर पान्यात हाये का बाहेर?"

"बाहेर आहे, माय."

ती दुसऱ्या दिवशी एसटीने गावी गेली. महिनाभराने बैलगाडीतून परत आली, तेव्हा सोबत पितळी भांडी, दाराची चौकट आणि देव्हारा होता. घर तिने स्वतःच उतरवलं होतं. गावात नोटीस यायला अजून पाच वर्षं होती.

घर बुडणार हे तुला कोणी सांगितलं, असं गावातल्या लोकांनी तिला विचारलं असावं आणि तिने चित्राबद्दल सांगितलं असावं. कारण मग एकेक जण येऊ लागला. आधी गावातले शेजारी केशवराव, मग सुलोचनाबाई, मग ज्यांना खुशाल ओळखतही नव्हता असे. चपला दाराशी काढून चित्रापुढे उभे राहत, बोटाने धुऱ्या मोजत. खुशालने दोनदा ते चित्र उतरवायचं ठरवलं, पण येणाऱ्याला नाही कसं म्हणायचं ते त्याला सुचेना. पुष्पा सगळ्यांसाठी पाणी आणी. ज्याला आपलं घर त्या निळ्यात सापडे, तो न पिताच निघून जाई.