भिंतीवरचे वैरी

चर्चमधल्या प्रार्थनेच्या दालनातली समोरची मोठी भिंत रंगवायची, त्यावर 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र काढायचं, असं पाळकांनी सांगितलं तेव्हा गायकमंडळींचे मास्तर खूश झाले. रंगवणार कोण ते कळलं आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

रंगवणारा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. आई गेली तेव्हा धाकटा लांब कामावर होता. मास्तर त्याच्यासाठी थांबले नाहीत. तो धावतपळत पोचला तोवर हेच स्तोत्र गाऊन झालं होतं आणि आईला माती देऊनही झाली होती. "जरा थांबला असतास तर तुझं काय गेलं असतं?" एवढं म्हणून तो जो निघून गेला, तो गेलाच.

"त्यानं स्वतःहून मागितलं हे काम," पाळक म्हणाले.

"स्वतःहून मागितलं म्हणे! एवढ्या भिंती सोडून हीच बरी दिसली त्याला," मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले. "काहीतरी आहे यात."

"काय असणार? भिंत आहे, रंग आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला तर दूध उतू गेलं तरी त्यात कोणाचा तरी हात दिसतो."

स्तोत्र तसं सगळ्यांच्या घरातलं. लग्नात गातात, मयताला गातात, उशीच्या अभ्र्यावर भरतात. कॅलेंडरावर तर किती वेळा आलं असेल! सगळीकडे मेंढरं, हिरवळ, संथ पाणी, आणि मेंढपाळाचे केस आत्ताच विंचरल्यासारखे. पण त्याच स्तोत्रात पुढे एक जागा आहे. तिथे देव गाणाऱ्यासाठी जेवणाचं टेबल मांडतो, तेही त्याच्या वैऱ्यांच्या डोळ्यांदेखत. हे गातात सगळे. ते वैरी मात्र कोणी काढत नाही.

धाकट्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी टेबल काढणार. वैऱ्यांसकट."

आणि भिंतीसमोर आढ्यापासून जमिनीपर्यंत पडदा लावला.

गायकमंडळींचा सराव त्याच दालनात चालायचा. चाल मास्तरांनी स्वतः बांधलेली. सगळं स्तोत्र लोण्यासारखं मऊ, फक्त वैऱ्यांच्या कडव्याला खर्जातले पुरुष एकदम उसळायचे आणि मास्तर दाणकन पाय आपटायचे. पडद्यामागे ब्रशाची खसखस चालू असायची. आणि नेमकी त्याच कडव्याला थांबायची. रोज.

"मास्तर, तुमचे भाऊ ऐकतात बरं का आपलं," उंच आवाजाच्या मावशी म्हणाल्या.

"ऐकत कसले, कानात बोटं घालत असतील," खर्जातला शिंपी म्हणाला. "त्यासाठी ब्रश खाली ठेवावाच लागतो."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. याच कडव्याला का थांबतो? काय काढतोय हा तिथे?

शेवटी एका दुपारी धाकटा चहा आणायला बाहेर पडला, तसे मास्तर दालनात शिरले आणि पडद्याचं टोक उचललं.

मधली भिंत कोरीच होती. पेन्सिलीच्या चार रेघा, बस. पण मागच्या बाजूला उभ्या वैऱ्यांची रांग पूर्ण रंगवून झाली होती. त्या रांगेत एक माणूस होता. लांब नाक, कपाळावर सरकवलेला चष्मा, ओठ आवळलेले.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. येत्या रविवारी पडदा निघणार. अख्खी मंडळी याच भिंतीकडे तोंड करून बसणार. आणि आपण आपल्याच चित्राखाली उभे राहून गायकांकडून वैऱ्यांचं कडवं गाऊन घेणार! पाळकांचं घर अंगणापलीकडेच होतं. एक शब्द टाकला की संध्याकाळपर्यंत भिंतीवर चुना फिरला असता. आणि मग धाकटा या दारात पुन्हा कधीच दिसला नसता.

ते वळले, तर धाकटा चहाचा ग्लास आणि पाव घेऊन समोर उभा.

"विचारून उचलायचा असतो पडदा."

"तो चष्मेवाला कोण?"

"तू."

मास्तरांना वाटलं होतं, हा नाही म्हणेल, थापा मारेल, मग आपण ओरडू. सगळी तयारी होती. आता ओरडायचं कुठून?

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर पडदा लावलाय."

"पाळकांना सांगतो आत्ता जाऊन."

"सांग. घरीच आहेत." धाकट्यानं ग्लास शिडीच्या पायरीवर ठेवला. "पण दादा, जाण्याआधी एक सांग. सगळी चाल इतकी गोड बांधलीस. मग त्या एका कडव्यालाच पाय का आपटतोस? माझी शिडी हलते. रोज ब्रश उचलून धरावा लागतो."

"तिथे जोर यायला पाहिजे."

"कोणावर?"

 चाल बांधली ती आई गेल्यानंतरच्या दिवसांत. बाकीची कडवी झटपट जमली. वैऱ्यांच्या कडव्याला डोळ्यांसमोर एक चेहरा हवा होता, आणि तो आयताच हजर होता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तुझ्यावर," ते म्हणाले. "मयताला उशिरा आलास, आणि वर मलाच बोललास."

"मग झालं की! तू मला गाण्यात घातलंस, मी तुला भिंतीवर. तुझं तर दर रविवारी चालू आहे. त्यावर कोणी चुना फिरवला?"

मास्तरांनी कोऱ्या जागेकडे बोट केलं. "आणि इथे टेबलाशी कोण बसणार?"

"मी."

"वा! तू जेवणार आणि मी मागे उभा राहून बघणार!"

"तू गाताना कोणाला बसवतोस जेवायला?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "स्वतःलाच," ते पुटपुटले.

धाकट्यानं खुर्ची ओढली. "बस. चेहरा मी आरशात बघून काढेन. पण उजव्या हातात ब्रश असतो, मग पाव उचलणारा हात कोणाचा बघून काढू? तुझी बोटं माझ्यासारखीच आहेत. आखूड, आईकडची."

"म्हणजे तोंड तुझं आणि हात माझा?"

"हो."

"आणि मागे परत मी?"

"मागे तू आहेसच. मागची माणसं आधी काढतात, पुढची नंतर. तुला आता पुसायचं तर सगळी रांग पुसावी लागेल."

मास्तरांनी अंगणाकडे पाहिलं. पाळक दारात उभे राहून फडकं झटकत होते. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.

"सहावं बोट वगैरे काढशील," मास्तर म्हणाले. "तुझा काय भरवसा!"

"बस रे, चहा गार होतोय."

मास्तर बसले. धाकट्यानं त्यांच्या हातात पाव दिला, मागे सरकून पाहिलं आणि मान हलवली.

"इतका घट्ट नको धरूस. पाव आहे तो, कोणाची मान नाही."

मास्तरांनी हात सैल केला. ब्रशावरची नजर मात्र हलू दिली नाही.