उलटा भागाकार

माझा धाकटा भाऊ रसेल ऑटव्यात सरकारी नोकरीत आहे. वरच्या जागेसाठी लागणारी फ्रेंचची परीक्षा तो इतक्या वेळा नापास झालाय की घरात आता तिचं कुणी नाव काढत नाही. बापाला जमलं नाही ते लेकीने करून दाखवावं, म्हणून ब्रिजेट पहिलीपासून फ्रेंच वर्गात, जिथे सगळे विषय फ्रेंचमधूनच शिकवतात. आमच्याकडे त्या वर्गात मूल असणं म्हणजे मोठा मान. हॉकीच्या मैदानाच्या कठड्याला टेकून हे आईबाप कॉफी पीत एकमेकांना सांगतात, ‘आमची तर स्वप्नंसुद्धा फ्रेंचमध्ये बघते.’ सांगणाऱ्याला स्वतःला त्या भाषेत धड दूध मागता येत नसतं.

शाळेने पहिल्याच वर्षी बजावलं होतं: घरी तुमच्याच भाषेत, इंग्रजीत बोला, गोष्टी वाचा, पत्ते खेळताना मुलांना गुण मोजायला लावा, फ्रेंचचं आम्ही बघतो. इतकी साधी गोष्ट रसेलच्या पचनी पडली तर तो रसेल कसला! त्याने फतवा काढला, घरात पाऊल टाकल्यापासून झोपेपर्यंत फक्त फ्रेंच. त्याची बायको शीना इस्पितळात संध्याकाळच्या पाळीला, त्यामुळे ती सुटली. ब्रिजेटला शाळेतून मी आणायचे, त्यामुळे मी अडकले. मला फ्रेंच येत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. पण नऊ वर्षांची ती बडबडी पोर जेवणाच्या टेबलाशी मुकी होऊन मॅकरोनी चिवडत बसायची, ते मला बघवत नसे.

मग गणिताचं भूत. तिच्या बाई, मादाम गान्यों, क्युबेकच्या. त्यांच्याकडे भागायची संख्या डावीकडे लिहितात, भाजक उजवीकडे आणि उत्तर त्याखाली. आम्ही शिकलो ते नेमकं उलट. ब्रिजेट सुरेख मांडायची. रसेल खोडरबर घेऊन बसलेलाच असायचा.

पोर फ्रेंचमध्ये त्याला समजावायची, बोट ठेवून, पायरी पायरीने. रसेल मान डोलवायचा, “छान, छान,” म्हणायचा आणि सगळं पुसून टाकायचा. मग त्याच्या पद्धतीने मांडताना आकडे इकडचे तिकडे व्हायचे आणि शहाण्णवला चाराने भागायच्या ऐवजी चाराला शहाण्णवने भागलं जायचं.

“अरे, त्यांची मांडणी वेगळी असते. मला गाडीत तिने सांगितलंय,” मी एकदा म्हणाले.

“लोर्ना, भागाकार सगळ्या जगात एकच असतो. तू दहावीला शाळा सोडलीस, तू नको शिकवूस.”

मार्चमध्ये शाळेतून बोलावणं आलं. गणित असंच राहिलं तर ब्रिजेटला इंग्रजी वर्गात हलवावं लागेल. ब्रिजेटला धसका बसला तो इमानचा. इमान तिची जिवाभावाची मैत्रीण, बालवाडीपासून एका बाकावरची. “आत्या, मी गेले तर ती कुणाशेजारी बसेल?” एवढं एकच ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही चौघं बसलो. मादामनी हसून स्वच्छ इंग्रजीत विचारलं, “इंग्रजीत बोलूया ना?”

“छे, छे! फ्रेंचमध्येच बोला,” रसेल टाय सारखा करत म्हणाला.

बाईंनी खांदे उडवले आणि सुरुवात केली. मी दगडासारखी बसून. मध्येच बाईंनी ब्रिजेटला काहीतरी विचारलं. तिने बापाकडे पाहिलं, मग खाली बघून एका वाक्यात उत्तर दिलं. बाईंचा चेहरा पडला. त्या रसेलशी पुष्कळ वेळ हळू आवाजात बोलल्या. हा ठोंब्या शेवटपर्यंत “हो, हो, अगदी,” करत राहिला. निघताना त्याने बाईंचा हात जोरजोरात हलवला.

गाडीत बसल्यावर त्याने आरशात बघितलं. “ब्रिजेट,” तो इंग्रजीत म्हणाला, “काय म्हणाल्या गं त्या?”

“इंग्रजीत सांगू?”

“सांग ना!”

“त्यांनी विचारलं, बरोबर मांडलेलं घरी कोण पुसतं?”

“मग तू?”

“मी म्हटलं, मीच. खरं सांगितलं असतं तर त्या तुला बोलल्या असत्या, बाबा. माझ्यासमोर.”

रसेलने गाडी रस्त्यावर घेतली. मलाच विचारावं लागलं, “मग ठरलं काय?”

“सोमवारपासून इंग्रजी वर्ग. त्यांनी बाबाला दोनदा विचारलं, चालेल ना म्हणून.” ती खिडकीबाहेर बघायला लागली. “तो हो म्हणाला.”

“गाडी वळव,” मी ओरडले. “बाई आहेत अजून वर्गात. जा आणि सांग, पुसणारा मी आहे. इंग्रजीत सांग, गाढवा, त्यांना इंग्रजी तुझ्याहून बरं येतं!”

त्याने गाडी वळवली नाही. त्याचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, आता तरी लेकीकडे मागे वळून बघेल. पण मिजास माणसाला कुठवर खाली नेते, ते मला माझ्याच भावाकडून शिकायचं होतं.

“आत्ता परत गेलो तर कसं दिसेल ते?” तो म्हणाला. “मला काहीच कळलं नाही असं वाटेल त्यांना. त्यापेक्षा रविवारी ई-मेल करतो. कुणाकडून तरी नीट फ्रेंचमध्ये लिहून घ्यायला हवा, बस.”

मग मागून आवाज आला.

“मी देते लिहून, बाबा.”